गाडीतला टेप आणि वाट दाखवणारा पडदा

दारात चारचाकी उभी असणं ही आता वऱ्हाडात अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. अमरावती-नागपूर महामार्गावर तिवस्याच्या चौकात घटकाभर उभं राहिलं, की संत्र्याच्या व्यापाऱ्याची गाडी, मोझरीच्या गुरुकुंजाला निघालेल्या भाविकांची गाडी, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी, अशी रीघ डोळ्यांसमोरून जाते. यांतल्या पुष्कळशा गाड्या जुन्या बाजारातून घेतलेल्या असतात. गाडी घरी आली, नारळ फुटला, की घरातली पोरं पहिली मागणी करतात ती टेपची. कॅसेट जाऊन किती वर्षं लोटली, तरी आपल्याकडे त्याला अजून टेपच म्हणतात. या नव्या टेपला आता हातभर पडदा आला आहे, आणि तो पडदा गाणं ऐकवता ऐकवता वाटही दाखवतो. हे यंत्र घ्यावं कसं, बसवावं कसं आणि त्याच्यावर विसंबावं किती, एवढ्याच तीन प्रश्नांचा आज विचार करू.

मोटारीत रेडिओ बसवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत 1930 साली गॅल्विन यांच्या कंपनीनं ‘मोटोरोला’ या नावानं मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. पुढे रेडिओच्या जोडीला कॅसेट आली, मग तबकडी आली, मग पेनासारखी स्मरणपट्टी आली. एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही. ती म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवरच्या खाचेचं माप. हे माप जर्मन मानकसंस्थेच्या नावावरून ‘डिन’ म्हणून ओळखलं जातं. एका डिनची खाच 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच, आणि दुहेरी डिनची तेवढीच रुंद पण 100 मिलिमीटर उंच. यंत्र घ्यायला जाण्याआधी घरची पट्टी लावून आपली खाच मोजा. मोठ्या पडद्याच्या यंत्रांना त्या त्या गाडीची वेगळी फ्रेम लागते. ती मिळत नसेल तर कानशीनं डॅशबोर्ड घासून यंत्र कोंबून बसवू देऊ नका. तसं बसवलेलं यंत्र खडखड वाजत राहतं आणि गाडीची किंमतही उतरवतं.

दुकानात गेल्यावर खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘चार गुणिले 50 वॅट’. म्हणजे चार स्पीकरांचे मिळून 200 वॅट. आता यंत्राच्या पाठीमागचा फ्यूज पाहा. तो 10 अँपिअरचा असला आणि चालू गाडीचा विद्युतदाब 14 व्होल्ट धरला, तर यंत्रात शिरू शकणारी शक्ती होते 140 वॅट. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? सहावी-सातवीच्या मुलांना हा गुणाकार सांगितला तर जाहिरात कशी वाचावी याचाही धडा त्यातच मिळेल.

दुसरी पाहण्याची गोष्ट रेडिओची. पडद्याच्या कित्येक नव्या यंत्रांत फक्त एफएम असतं, मध्यम लहरी नसतात. मध्यम लहरींवरचे शेतीचे कार्यक्रम आणि बातम्या ऐकायची ज्यांच्या घरची रीत आहे, त्यांनी दुकानदाराला आधीच विचारावं, “यात एएम आहे का?” आणि तिथेच लावून पाहावं. यंत्र घरी आणल्यावर कळून उपयोग नाही. पावती आणि हमीपत्र मागून घ्यावं. नंतर बसवलेल्या अशा विद्युत साधनाची नोंद गाडीच्या विमापत्रात वेगळी करून घ्यावी लागते आणि तिच्यासाठी थोडा जादा हप्ता पडतो, हेही ध्यानात असू द्या.

आता बसवण्याकडे वळू. यंत्राच्या पाठीमागे रंगीत तारांचा झुबका असतो. तो पाहून माणूस बिचकतो, पण त्यात खरं कळीचं काम तीन तारांचं आहे. पिवळी तार थेट बॅटरीवरून येते आणि गाडी बंद असली तरी तिच्यात वीज असते. यंत्राचं घड्याळ आणि लावून ठेवलेली केंद्रं या तारेमुळे लक्षात राहतात. लाल तार किल्लीवरून येते. किल्ली फिरवली की तिच्यात वीज, किल्ली काढली की वीज बंद. काळी तार म्हणजे अर्थ, ती गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते. उरलेल्या तारा बहुतेक स्पीकरांच्या. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची आणि जांभळी मागच्या उजव्याची. प्रत्येकीच्या जोडीला त्याच रंगाची, पण काळी रेघ असलेली तार असते. हा संकेत बहुतेक कंपन्या पाळतात, तरी डब्यातला कागद आधी वाचावा हे बरं.

एका गाडीवाल्या भावाचं गाऱ्हाणं असं होतं, “टेप तं झकास वाजते भौ, पण दोन-तीन दिवस गाडी उभी रायली की सुरूच होत नाई. धक्का मारा लागते.” याचं कारण सहसा एकच असतं. कारागिरानं घाईत लाल आणि पिवळी या दोन्ही तारा एकत्र पिळून बॅटरीच्या तारेला जोडलेल्या असतात. मग किल्ली काढली तरी यंत्र झोपत नाही. समजा, जागं राहिलेलं यंत्र अर्धा अँपिअर वीज घेतं, आणि लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची आहे. 35 ला अर्ध्यानं भागलं की आले 70 तास. म्हणजे तिसरा दिवस मावळायच्या आत बॅटरी रिकामी. त्यात बॅटरी जुनी असेल तर दुसऱ्याच दिवशी. उलट, लाल आणि पिवळी यांची अदलाबदल झाली तर यंत्र दर वेळी सगळं विसरतं आणि घड्याळ पुन्हा बारावर येतं. दोष यंत्राचा नसतो, जोडणीचा असतो.

फ्यूजची गोष्ट याहून गंभीर आहे. फ्यूज यंत्राच्या शोभेसाठी नसतो, तो तारेच्या जिवासाठी असतो. तारेत झेपेल त्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली तर फ्यूजनं आधी जळावं आणि तार वाचवावी, अशी ती योजना आहे. फ्यूज पुनःपुन्हा जातो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं, किंवा दहाच्या जागी तिसाचा घालणं, म्हणजे गंजीच्या शेजारी चूल मांडण्यासारखं आहे. मग फ्यूज जळत नाही, तार जळते, आणि ती डॅशबोर्डच्या आत, नजरेआड जळते. सांधेही तसेच जपावेत. नुसती तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती टिकत नाही. अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून पुष्कळ जास्त ताव असतो. पट्टीचा गोंद पातळ होतो, पट्टी सुटते, उघड्या तारा एकमेकींना लागतात. म्हणून कारागिराला आधीच सांगावं, “भाऊ, गाडीची मूळ तार कापायची नाही, आपल्या गाडीचा कपलर आणून जोडायचं.” कपलरला थोडे पैसे पडतात, पण हमी शाबूत राहते आणि उद्या यंत्र काढायचं झालं तर गाडी पहिल्यासारखी होते.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची वजा बाजूची तार सोडलीच पाहिजे. पिवळ्या नळीतून गेलेल्या तारा दिसल्या तर त्यांना हात लावू नये. त्या अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या हवापिशवीच्या असतात. स्पीकरची काळ्या रेघेची तार गाडीच्या पत्र्याला जोडू देऊ नये. जुन्या काही टेपांना ते चालत असे, पण आजच्या यंत्राचा आवाजाचा भाग त्यानं जळून जातो. आणखी एक तार हातब्रेकची. गाडी चालू असताना पडद्यावर चित्रपट दिसू नये म्हणून कंपनीनं ती ठेवलेली असते. कित्येक गिऱ्हाईकं स्वतः सांगून ती तार पत्र्याला लावून घेतात, म्हणजे मग चालत्या गाडीतही सिनेमा दिसतो. हे करू नका. चालकाच्या डोळ्यांसमोर चित्रपट ठेवणं आणि त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधणं यांत फार अंतर नाही.

शेवटी राहते ती एक लहानशी काळी चकती, बारीक तारेच्या टोकाला असलेली. वाट दाखवण्याचं सगळं काम तिच्यावर चालतं. तिला आकाश दिसलं पाहिजे. ती काचेखाली, डॅशबोर्डच्या वर बसवावी. पत्र्याच्या आड दडवली तर यंत्र आंधळं होतं. तिला आकाशातून काय ऐकू येतं, ते आता पाहू.

श्रोतेहो, वीज चमकते आणि मग गडगडाट ऐकू येतो. मधले सेकंद मोजून वीज किती दूर पडली हे आपण ओळखतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. नऊ सेकंद लागले तर वीज तीन किलोमीटरवर. उपग्रहाची युक्ती हीच आहे. पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरत असतात आणि “मी अमुक ठिकाणी आहे, माझ्या घड्याळात अमुक वेळ झाली आहे” असा संदेश सतत पाठवत असतात. तो संदेश रेडिओलहरींवरून, सेकंदाला तीन लाख किलोमीटर या वेगानं येतो. किती उशिरानं आला हे मोजलं, की तो उपग्रह किती दूर आहे हे कळतं.

पण नुसत्या अंतरावरून जागा कशी कळावी? शिक्षकबंधुभगिनींनी हा प्रयोग शाळेच्या पटांगणात करून दाखवावा. तीन खुंट ठोका. कुठेतरी एक नाणं मातीखाली ठेवा, आणि प्रत्येक खुंटापासून नाण्यापर्यंतच्या अंतराची एकेक दोरी कापून घ्या. मग ज्याला नाणं माहीत नाही अशा मुलाला बोलवा. एक दोरी दिली तर तो नुसता गोल फिरेल. दोन दोऱ्या दिल्या तर दोन जागा निघतील. तिसरी दोरी दिली की नाणं सापडेल. आकाशातले उपग्रह म्हणजे हेच खुंट, आणि लहरींनी मोजलेलं अंतर म्हणजे दोरी. उपग्रहांना मात्र चौथा सोबती लागतो, कारण आपल्या गाडीतलं घड्याळ साधं असतं. उपग्रहावरचं घड्याळ अणूंच्या कंपनांवर चालतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात 300 मीटरांचा फरक पडतो. ती चूक काढून टाकण्यासाठी चौथ्या उपग्रहाचा हिशेब घेतात.

ही व्यवस्था अमेरिकेनं आपल्या लष्करासाठी उभारली आणि 1995 साली ती पूर्ण झाली. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक मे 2000 मध्ये काढून टाकण्यात आली, आणि त्यानंतर ती मोटारीच्या अधिक कामाची झाली. भारतानंही 2013 पासून आपले दिशादर्शक उपग्रह सोडायला सुरुवात केली. त्या व्यवस्थेचं नाव ‘नाविक’. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 या उपग्रहात तर भारतात बनवलेलं अणुघड्याळ बसवलेलं आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटतं, नेट नसलं की जागाही कळत नाही. तसं नाही. उपग्रहाचा संदेश फुकट असतो, आणि आपली चकती तो नुसता ऐकते, काही पाठवत नाही. मोबाइलचा टॉवर नसलेल्या शिवारातही तिला जागा कळते. नेट लागतं ते नकाशासाठी. म्हणून निघण्यापूर्वी घरीच आपल्या जिल्ह्याचा आणि शेजारच्या जिल्ह्यांचा नकाशा यंत्रात उतरवून ठेवावा. वाटेत नेट गेलं तरी मग अडत नाही.

याचा अर्थ असा, की यंत्रात दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. तुम्ही कुठे आहात हे उपग्रह सांगतो, आणि ते पाच-दहा मीटरांच्या फरकानं खरं असतं. पुढे रस्ता कसा आहे हे मात्र उपग्रहाला ठाऊक नसतं. ते नकाशा सांगतो, आणि नकाशा माणसांनी केलेला असतो. माणसाला जेवढं ठाऊक, तेवढंच नकाशाला.

याचा पहिला अनुभव नावांपाशी येतो. यंत्राला ‘तळेगाव’ सांगून पाहा. तळेगाव ठाकूर आपल्याच तिवसा तालुक्यात. तळेगाव दशासर धामणगाव तालुक्यात. तळेगाव श्यामजीपंत महामार्गावर, पण वर्धा जिल्ह्यात. आणि तळेगाव दाभाडे पार पुण्याकडे. चांदूर म्हणाल तर चांदूर रेल्वे की चांदूर बाजार? नांदगाव म्हणाल तर नांदगाव पेठ की नांदगाव खंडेश्वर? कारंजा लाड की कारंजा घाडगे? जुन्या लोकांनी गावांना ही आडनावं उगीच दिलेली नाहीत. ती पत्रासाठी आणि पाहुण्यासाठी होती, आज यंत्रासाठीही तितकीच कामाची आहेत. म्हणून गावाचं पूर्ण नाव, तालुका आणि जिल्हा सांगितल्याशिवाय निघू नये. लग्नपत्रिकेवरही ते पूर्ण छापावं.

दुसरा अनुभव जुन्या नकाशाचा. काही यंत्रांत नकाशा एका छोट्या कार्डावर भरलेला येतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, आणि 5 जून 2025 ला मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पाही खुला झाला. त्याआधीचं कार्ड असलेलं यंत्र घेऊन या महामार्गावर गेलात, तर पडद्यावर तुमची गाडी कुणाच्या तरी तुरीच्या वावरातून चाललेली दिसेल. यात हसण्यापलीकडे नुकसान नाही.

तिसरा अनुभव मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. यंत्राला जवळची वाट आवडते. उन्हाळ्यात ज्या पांदणीवरून गाडी धूळ उडवत जाते, तीच पांदण आषाढात काळ्या मातीचा चिखल होऊन चाक धरून ठेवते. नकाशाला दोन्ही सारख्याच. आणि पाण्याचं तर विचारूच नका. आपला तालुका वर्धा नदीच्या काठचा. वर, मोर्शीकडे सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की कौंडण्यपूरपर्यंत नदीचं रूप पालटतं, ओढ्या-नाल्यांना फुगवटा येतो, आणि सखल फरशी पूल पाण्याखाली जातात. यंत्राच्या पडद्यावर मात्र पूल कोरडाच असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात (आपलं अकोला नव्हे, अकोले) जानेवारी 2021 मध्ये हेच घडलं. पुण्याकडची काही माणसं कळसूबाईकडे निघाली होती. रात्रीची वेळ, रस्ता अनोळखी, आणि मोबाइलमधल्या नकाशानं कोतूळजवळच्या पुलाची वाट दाखवली. पूल धरणाच्या पाण्याखाली होता. गावातल्या शेंबड्या पोराला ते ठाऊक होतं, नकाशाला नव्हतं. गाडी पाण्यात गेली. दोघे कसेबसे बाहेर आले, चालक बुडाला. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ एक गाडी रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून खाली कोसळली आणि तीन जण दगावले. पुलाचा काही भाग आधीच पुरानं वाहून गेला होता. दोन्ही ठिकाणी यंत्र बिघडलेलं नव्हतं. गाडी कुठे आहे हे त्यानं बरोबर सांगितलं होतं. पुढे काय आहे, ते त्याला माहीत नव्हतं.

म्हणून एक नियम मनाशी पक्का करावा. पुलावरून पाणी वाहत असेल तर पडदा काहीही म्हणो, गाडी थांबवायची. फूट-दीड फूट वाहतं पाणी लहान गाडीला तरंगवतं, आणि मग चाकाची जमिनीवरची पकड सुटते. गाडी मागे घ्या आणि जवळच्या गावात जाऊन विचारा, “काका, इकडून रस्ता चालू आहे का?” रात्रीची वेळ, गाडीत रोगी, अमरावतीच्या इर्विनला पोहोचायची घाई, अशा वेळी तर जवळच्या वाटेच्या मोहात पडूच नये. खात्रीच्या डांबरी रस्त्यानं दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

चालवतानाची शिस्तही थोडक्यात सांगतो. ताशी 60 किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. पडद्याकडे तीन सेकंद पाहिलं तर 50 मीटर आंधळेपणानं गेलो. दिवेलागणीला विनादिव्याची बैलबंडी महामार्गावर यायला तेवढं अंतर पुरतं. म्हणून ठिकाण आधीच घालावं, वाटेत बदलायचं झालं तर शेजारी बसलेल्यानं बदलावं किंवा गाडी कडेला घ्यावी, आणि चालकानं नुसतं ऐकावं. मोबाइल वापरायचा तो फक्त वाट पाहण्यासाठी आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं, असं ऑक्टोबर 2020 पासून मोटारवाहन नियमांतही सांगितलं आहे. गाण्याचा आवाज इतकाच असावा, की मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. नकाशाला जे ठाऊक नाही ते तुमच्या वर्गातल्या मुलांना ठाऊक आहे. कोणता फरशी पूल पहिल्या पुरात बुडतो, कोणती पांदण पावसाळ्यात बंद असते, दवाखाना गावाच्या कोणत्या टोकाला आहे, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. त्याचा एक मोठा नकाशा करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. बुडणाऱ्या पुलाच्या दोन्ही टोकांना फुटांच्या खुणा केलेले खांब आणि पाटी लावण्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडा. मोबाइलवरच्या नकाशांत चुकीचं नाव, बंद रस्ता, चुकलेली जागा कळवण्याची सोय असते. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ हा नकाशा तर 2004 पासून जगभरचे लोक स्वतःच भरत आले आहेत. मोठ्यांच्या मदतीनं मुलांनी आपल्या गावापुरत्या दुरुस्त्या कळवाव्यात. तिवसा हे एक नाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, मग आडवळणाच्या वाडीचं काय होत असेल!

हे काम थोर वाटत नाही, पण त्याची गरज अवेळी पडते. मध्यरात्री 108 क्रमांकावर फोन केल्यावर येणारी रुग्णवाहिका बाहेरगावची असते. तिच्या चालकाला तुमचं गाव ठाऊक नसतं, त्याच्याजवळ असतो तो पडदा. त्या पडद्यावर तुमच्या गावाचं नाव बरोबर असलं, आणि बुडालेल्या पुलापाशी ‘रस्ता बंद’ असं लिहिलेलं असलं, तर रोग्याची अर्धी घटका वाचते. गाडीत टेप बसवायला दोन तास लागतात. गावचा नकाशा नीट करायला मुलांना एखादा महिना लागेल, पण येत्या पावसाळ्याच्या आधी तो होऊ शकतो.